कल्ले उघडून

दुर्वा म्हणाली, सगळ्यांकडे आहे.
सगळ्यांकडे म्हणजे वर्गातल्या दोघींकडे, हे मला ठाऊक होतं.
हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही,
खेळ आधी माझ्याच मोबाईलवर उतरवला
आणि तवसाळच्या जेटीवर, तिकिटाच्या खिडकीमागे,
दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात
परीक्षक होऊन बसले.

वर लिहिलेलं : वय वर्षं नऊ व पुढे.
कुणाच्या मुलीची नऊ?
माझी अकराची झाली, अजून
मेलेल्या कुर्लीसाठी वाळूत खड्डा खणते.

म्हणून पहिलं रक्त शोधलं.
नव्हतं.
एक सांगाडा होता, हातात कंदील,
जरासा आमच्या धक्क्यावरच्या वॉचमनसारखा.
पान हरलं की त्याची राख होते, उडून जाते.
रात्रीच्या बातम्यांत याहून जास्त दिसतं.

मग डोकं लागायला लागलं.
हातात चार पानं, दिव्यात तेल तीनच थेंब.
कोणतं टाकू, कोणतं ठेवू,
आत्ता मार खाऊ का पुढच्या डावासाठी?
मामा इस्पिकची सहा दाबून बसायचा
बदाम सातात, आणि मिशीत हसायचा.
तीच खोड, नुसते कपडे नवे.
वाटलं, खेळू दे. गणितात निदान
हातचा विसरायची नाही.

तेवढ्यात पेटी आली.
जांभळी, लुकलुकती, एकोणनव्वद रुपयांची.
आत काय?
घेतल्यावर कळेल.
अगो बाई,
मी वाटाभर बांगड्यांचेसुद्धा कल्ले उघडून बघते,
लाल नसले की टोपली पुढे ढकलते.
पेटीला कल्लेच नव्हते.
पैशांची वाट पिन घालून बंद केली
(पिन तिच्या वाढदिवसाची नाही).

कुणी एक ड्रॅगन विचारत होता, हाय, वय काय?
लिहिलं, एक्केचाळीस.
गेला.
तेही दार लावून घेतलं.

आता एकच बघायचं उरलं :
हाक मारली तर उठेल का?

काचेवर टकटक.
मुजम्मिल. "ताई, भोंगा दोनदा झाला."
बाहेर अकरा मोटारसायकली, आंब्याचा टेम्पो,
उन्हात छत्री धरलेली एक म्हातारी,
सगळी माझ्याकडे बघत.
आणि माझ्या हातात शेवटचं पान, नक्की जिंकणारं.

रात्री दुर्वाला नियम सांगितले.
जेवणानंतर. अर्धा तास. बाहेरच्या खोलीत.
पेटी नाही. अनोळखी माणूस नाही.
हाक मारली की डाव अर्धा टाकून उठायचं.
तिने सगळं ऐकलं, मग विचारलं,
"तू उठलीस?"

मग आम्ही दोघी खेळलो.
तीनदा हरले.
ती म्हणाली, "आई, चांगलं पान तू राखून ठेवतेस,
ठेवतेस, ठेवतेस, आणि डाव संपतो."
तिने ते सहज म्हटलं, नखं कुरतडत.
खाडीत कुणाची तरी होडी परतत होती,
इंजिन खोकत, थांबत, पुन्हा खोकत.

मी म्हटलं, नऊ वाजले.
ती उठली, पहिल्या हाकेला,
गादी घालायला गेली.

मी तशीच बसून,
पान दाबून.