शेवटचा आकडा

काप्साबेतच्या उतारावर
दूध घालून परतताना
जेप्तानुईच्या फोनवर निरोप आला :
शाळेचा नंबर बदललाय,
फी आजच भरा, नाहीतर
मुलीला परीक्षेला बसवणार नाही.

अंगठा पिन दाबायला निघालाच होता.
चार महिन्यांचं दूध
त्या अंगठ्याखाली.

पण घराच्या दाराआड
कोळशानं लिहिलेला एक नंबर आहे,
जानेवारीत फीच्या खिडकीतल्या बाईंनी
दोनदा म्हणून दाखवलेला.
घरी येऊन ती एकेक आकडा बोटानं चाचपते,
सांजेला गायी मोजाव्यात तसा.

शेवटी सात हवा.
इथं एक.

कळपात एक गाय परकी.

ती फाटक लावून घेते.
फोन चुलीपाशी उपडा.
उद्या चालतच जाईन शाळेत, म्हणते,
मध्ये दोन डोंगर तर आहेत.