सेवेत नाही

दोन दहा.
पोट आवळलं. ओटीपासून वरपर्यंत
कुणी ओल्या चादरीला पीळ द्यावा तसं,
मग हळूहळू सुटलं.
विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहिलं : २.१०.

सवय आहे.
नऊ वर्षं वडाळा डेपोच्या खिडकीत बसून
गाड्यांच्या वेळा लिहिल्या मी.
गेली किती वाजता, आली किती वाजता,
उशीर का, ट्रॅफिक की पंक्चर.
रजेवर निघताना वही तिथंच ठेवली,
पेन मात्र चुकून पिशवीत आलं.

दोन एकतीस.
दोन अडतीस. ही लहानशी,
थांब्यावर न थांबताच गेली.
मग काहीच नाही. पंखा.
खालच्या मजल्यावर कुणाचा तरी खोकला.
तीन वीस.

असलं वेळापत्रक मी कुणाचं खपवून घेतलं नसतं.

मागच्या मंगळवारी मात्र घाबरले.
दिगंबरनं टॅक्सी थांबवली. बॅग, फाइल, थर्मास.
शेजारच्या रोझीबायनं माझ्या कपाळावर क्रूस काढला,
मीही काढू दिला.
प्रसूतिगृहात सिस्टर घरत पोटावर तळवा ठेवून
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या,
बराच वेळ, एक शब्द नाही.
मग म्हणाल्या, खोट्या कळा आहेत गं. घरी जा.

खोट्या.
परतीच्या टॅक्सीत तो शब्द
आमच्या दोघांच्या मध्ये बसला, पाय पसरून.
पोट माझं, घाम माझा,
मग खोटं बोललं कोण?
दिगंबरनं थर्मासमधला चहा पुढे केला.
अजून गरम होता. तेही मला लागलं.

पण त्यांचं बाकीचं बोलणं पाठ आहे :
आधी पाणी पी. लघवी तुंबवू नकोस.
बसली असशील तर चाल,
चालत असशील तर पड, डाव्या कुशीवर.
विरली तर सोडून दे.
खरी कुणाचं ऐकत नाही. कूस बदल नाहीतर काहीही कर,
ती येते. आधीपेक्षा लवकर, आधीपेक्षा जोरात.
आणि पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली,
किंवा सदतीस आठवडे भरायच्या आत
नेमानं येऊ लागल्या,
तर घड्याळ बघत बसू नकोस. ये.
दहादा आलीस तरी इथं कुणी हसणार नाही.
शेवटचं वाक्य जरा हळू,
दुसऱ्या बाईच्या दंडाचा बीपीचा पट्टा सोडता सोडता.

तीन बेचाळीस.
उठते. दोन पेले पाणी, मोरी,
मग पलंग ते गॅलरी, अकरा पावलं.
आधी नऊ होती. पावलं लहान झालीत की खोली मोठी?
श्वास नाकातून आत, तोंडाने बाहेर,
गरम चहावर फुंकर घालावी इतकाच.

डेपोत नवा ड्रायव्हर आला की
त्याला आधी रिकामी गाडी देतात.
पुढे पाटी : सेवेत नाही.
तो वळणं घेतो, ब्रेक दाबून बघतो,
थांब्यावरची माणसं हात करतात, शिव्या घालतात,
आत सगळे दिवे चालू, सगळ्या सीट मोकळ्या.
पण गाडी खरी असते.
डिझेल खरं जळतं.

सिस्टरना हे सांगायला हवं.
किंवा नको, त्यांना रात्रपाळीत तेवढंच ऐकायचं राहिलंय.

पुन्हा पडते, डावीकडे.
पोट मऊ. आतून एक टाच
बरगडीखाली टेकते, सरकते.
तू जागा आहेस म्हणजे. की जागी.
निघायचं? दिगंबर डोळे न उघडताच विचारतो,
त्याचा हात झोपेतच बॅगेचा पट्टा शोधतोय.
नाही रे. रिकामी होती.

चार पस्तीस.
पोटात काही नाही.
लांब, डेपोच्या फाटकातून
पहिली गाडी गिअर बदलत बाहेर पडते.
पाच मिनिटं लवकर.
तेही लिहून ठेवते.