कापणीचा सण, ऐरोली

ऐरोलीत शेत नाही.
तरी ऑक्टोबरात आम्ही कापणीचा सण करतो
सिडकोच्या प्लॉटवर, पत्र्याच्या छपराखाली,
आणि लोक वेदीपुढे आणून ठेवतात
मार्केटातून विकत घेतलेला हंगाम:
स्टिकरसकट सफरचंदं, दुधी, शहाळी,
आणि पाय बांधलेली एक कोंबडी,
जी पहिल्या वाचनाच्या ऐन मध्यावर
आपलं मत मांडते.
मी थांबतो. तिला बोलू देतो.
माझ्याहून प्रामाणिक आहे ती.

चौदा वर्षं झाली हा झगा चढवून.
बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवले
तेव्हा गुडघ्यांवर, ओठ न हलवता
मी तुला सगळं सांगितलं होतं.
तू काही बोलला नाहीस.
त्यालाच मी होकार धरला.
काही रात्री वाटतं,
ती नुसतीच शांतता होती
आणि मी तिच्यावर घर बांधून बसलो.

लग्नाची पुकार वाचायची ती मीच.
या दोघांच्या विवाहास कोणाची हरकत असल्यास
त्याने आता सांगावे.
तीन रविवार, तीन वेळा.
हरकत कुणी घेत नाही,
पंखा तेवढा किरकिरतो.
मी वही मिटतो आणि पुढची सूचना वाचतो,
पाण्याच्या टाकीबद्दल.

निनाद शेवटच्या बाकावर बसतो.
बाप्तिस्मा नाही, म्हणून भाकर नाही.
रांगेत सगळ्यांच्या मागून येतो,
छातीवर हातांची फुली करून,
केसांत सकाळच्या बॅचच्या खडूची भुकटी
(रबाळ्याला रसायनशास्त्र शिकवतो),
आणि मी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो.
सगळ्यांदेखत.
आठवड्यातून एकदा, चार सेकंद.
बाकीच्यांना तीन.

ओहोळबाईंनी मोजलं असावं.
कळव्याच्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या त्या,
नाडी बघायची सवय सुटत नाही.
सहा वर्षं माझ्यासाठी स्थळं आणतायत,
नगरची, जालन्याची,
एक बी.एड., एक गळ्याने गोड.
मी म्हणायचो, प्रभूची इच्छा.
तुझ्या नावावर मी काय काय खपवलंय
ते तुलाच ठाऊक.

उपासनेनंतर लिलाव.
साळवे सेक्रेटरींच्या हातात माइक,
लाल भोपळा, सात किलो, छपराच्या निधीसाठी.
निनाद म्हणाला दोनशे.
ओहोळबाई म्हणाल्या अडीचशे.
तो पाचशे. त्या सहाशे.
मंडळी हसायला लागली, पोरं बाकांवर चढली,
निनादचे कान भोपळ्याच्या रंगाचे झाले.
अकराशेवर बाईंनी तोडला.
एवढ्यात कोंबडी सुटली,
म्हणून त्यांच्याकडे कुणी फार पाहिलं नाही.

संध्याकाळी बेल वाजली.
दारात बाई, मागे भोपळा उचलून रिक्षावाला.
दाराशी दोन जोड चपला होत्या,
एकीच्या अंगठ्यावर खडू.
बाईंनी चपला पाहिल्या. मग मला.
"एवढा मोठा भोपळा
एकट्या माणसाला संपत नाही, पाळकसाहेब.
घाऱ्या करा. गूळ आहे ना घरात?"
कठडा धरून, गुडघा सांभाळत उतरल्या,
आणि खालच्या वळणावरून ओरडल्या,
"जालन्याला मी नाही म्हणून कळवते!"

मी दारातच उभा.
उगाच मोठं काही म्हणू नये यावर.
बाई एकट्या. कमिटीत आणखी नऊजण आहेत,
जानेवारीत बदल्यांची यादी येते,
आणि साळव्यांचा नमस्कार
गेल्या महिन्यापासून जरा आखूड झालाय.
उद्या कुणी हरकत घेतली
तर कुठलं वाचन उघडायचं, मला माहीत नाही.

रात्री पुन्हा गुडघ्यांवर बसलो.
या वेळी ओठ हलवून,
भिंतीपलीकडच्या कुलकर्ण्यांना ऐकू जाईल इतकं,
सगळं पहिल्यापासून सांगितलं.
खाडीकडून थोडा वारा आला, चिखलाच्या वासाचा.
तू काही बोलला नाहीस.
स्वयंपाकघरातून निनाद म्हणाला,
"मीठ किती?"
मी म्हणालो, चिमूटभर.