घट

विट्याच्या स्टँडसमोर, इम्तियाज मुल्लाच्या दुकानाच्या काचेवर
मोठ्या अक्षरात कागद: अमर्याद.
खाली मुंग्यांची रांग गेल्यासारखा बारीक मजकूर.
चष्मा घरी राहिला होता माझा.
त्यानंच वाचून दाखवलं,
"वैनी, रोज दीड जीबीपर्यंत घोडा,
त्याच्यापुढं गोगलगाय.
पण बंद न्हाई पडत, चालूच राहतं."

चालूच राहतं.
अकरा वर्षं हे सेलमला, गलाईच्या दुकानात,
मी लेंगऱ्यात.
चालूच आहे की.

रात्री साडेनऊला भट्टी निवते, मग फोन येतो.
तोवर पूर्वानं नर्सिंगच्या व्हिडिओंत
दिवसाचा घोडा पळवून पळवून दमवलेला.
मला उरते गोगलगाय.
यांचं नाक आधी थांबतं, मग मिशी,
मग सगळा चेहराच फरशी बसवल्यासारखा चौकोनी चौकोनी.
"जेवलीस?" मागनं येतं,
तोवर मी विचारलेलं असतं, "जेवलात?"
दोघंही एकदम, मग दोघंही गप्प.
कधी हसताना अडकले तर
मी फोन डब्याला टेकवून भांडी घासून घेते.
हसत असतात तेवढा वेळ.

नवीन लग्न झालेलं तेव्हा यांनी शिकवलं होतं,
दहा ग्रॅम मुशीत टाकलं म्हणून दहा ग्रॅम निघत नाही,
घट धरूनच भाव करायचा.
तो काचेवरचा कागद यांनी लिहिला असता तर
घट वर लिहिली असती, ठळक.

पूर्वा म्हणाली, आई, कंपनी बदल.
पोर्टचा मेसेज, आठ अक्षरी कोड, आधार, अंगठा,
आणि चार दिवस जीव टांगणीला:
नंबर तोच राहील ना?
यांना हा एकच पाठ आहे.

नव्या सिमला रोजची वेसण नाही.
पण रेंज स्वयंपाकघरात नाही, सोप्यात नाही,
गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावली
की चार काड्या.
चौदा पायऱ्या, आणि माझे गुडघे.
म्हटलं, घट इथं धरू. परवडतंय.

पहिल्या रात्री हे दिसले.
आख्खे. सलग.
कानाजवळचे केस पांढरे, कधीचे कोण जाणे.
बोटं पिवळी,
लग्नातली हळद धुतलीच नाही अशी,
तेजाबानं.
आणि तो खोकला,
जो मी इतके दिवस
नेटवर्कची खरखर समजत होते.

मी तोंड उघडायच्या आत यांनीच विचारलं,
"गळ्यातल्या वाट्या कुठायत?"
सोन्यातल्या माणसाची नजर.
चौकोनांमागं सहा महिने लपलेला नुसता काळा दोरा
टाकीवरच्या बल्बखाली उघडा पडला.
पूर्वाची फी, म्हटलं.
हे हलेनात.
मी बघत राहिले, चित्र थांबलंय की माणूस.
पापणी लवली तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विटा.
"इम्तियाज, जुनंच परत घालता येईल का रे?"
"नव्वद दिवस काढायला लागतील, वैनी. त्याच्याआधी सोडत न्हाईत.
का वो, स्लो चालतंय?"
"नाही," म्हटलं, "चांगलं चालतंय."

रात्री चौदा पायऱ्या.
पदर गळ्याभोवती घेऊनच बसायचं ठरवलं होतं,
वाऱ्यानं राहिला नाही, मीही पुन्हा घेतला नाही.
तिकडं यांनी हात काउंटरखाली नेला,
थोड्या वेळानं वर आणून ठेवला.
"जेवलीस?"
"जेवले."
आधी प्रश्न, मागनं उत्तर.
मग खोकला,
तोही वेळेवर.