टिचकी

लाँगटनच्या कारखान्यात आई कप वाजवायची.
भट्टीतून निघालेला एकेक कप डाव्या तळव्यावर,
उजव्या नखाची टिचकी.
खणखणला तर रंगकामाला,
बद्द वाजला तर मागच्या ढिगाऱ्यात.
दिवसाला नऊशे. शुक्रवारी जरा कमीच.

मी एकही कप घडवला नाही.
चाळीस वर्षं सिरॅमिकवर काढली
आणि नखात माती गेली नाही.
माझी भट्टी पडद्यावर;
तिच्यात आठशे अंश म्हणजे टाईप केलेला आकडा
आणि दोनशेच्या आसपास अणू, थरथरणारे.
पहिल्या हिवाळ्यात यंत्र तीन रात्री चाललं,
तेव्हा कुठे एक ऑक्सिजन एक घर सरकला.
एक घर!
मी अख्ख्या मजल्याला चहा पाजला.

तो सरकतो, कारण पुढचं घर रिकामं असतं.
सगळी घरं भरलेली असली
की जो तो जिथल्या तिथे,
वीज नाही, काही नाही.
म्हणून मी उणिवा पेरत गेले:
सिरियमच्या शेतात गॅडोलिनियम,
शंभरात दहा, मग वीस, मग तीस.
तीसला उणिवा एकमेकींना बिलगून बसल्या,
वाहणं मंदावलं.
उणीवही बेतानंच हवी, हे मी अहवालात
जरा कोरड्या शब्दांत लिहिलं.

(मधे एकदा अधिकाच्या जागी उणे पडलं.
सात महिने. त्याबद्दल अजून बोलवत नाही.)

आई विचारायची, "ग्लेनिस, तुझं वाजतं का गं काही?"
"अजून नाही."
धुराशिवाय वीज, असं सांगू लागले
की ती खिडकीबाहेर बघायची.
तिच्या लहानपणी इथे भरदुपारी दिवे लावायचे;
बाटलीसारख्या भट्ट्या, शेकड्यांनी, ओकत असायच्या.
वडिलांचा खोकला गल्लीला पाठ होता.
"धुराशिवाय भाजतं होय काही?"
ती गेली त्या आठवड्यात
माझी अकरावी रचना मोजणीला लागली होती.

परवा, निवृत्तीची खोकी भरताना,
खालच्या प्रयोगशाळेतला तौकीर वर आला.
रुमालात चकती, कोटाच्या बटणाएवढी,
दुधात हळदीचं बोट बुडवावं तसा रंग.
"तुमची अकरावी. सहाशे तास चालली."
सहाशे तास, आणि माझ्याकडे नव्हताच तिला रंग.

मी डाव्या तळव्यावर घेतली.
टिचकी मारली.
इतकं लहान काही वाजत नाही.
पुन्हा मारली, कान जवळ नेला.
"जपून हं," तौकीर म्हणाला,
"एकच आहे."