बोअर क्रमांक सात, शिवडी

पहिले चार मीटर : भराव.
तक्त्यात एवढंच लिहायचं असतं.
निघालं ते असं –
विटांचे तुकडे, कोळशाची राख,
कुठल्याशा कपाचा तुटका कान,
आणि एक अख्खी टेकडी, फोडून, गाड्यांनी आणून ओतलेली,
जिचं नाव आता फक्त बसथांब्यावर उरलंय.

मग काळा चिखल.
लिंबाजीनं हातोडा उचललाही नव्हता
तर रॉड आपल्याच वजनानं खाली गेला,
गेला,
जेवून आडवं झालेलं माणूस झोपेत जातं तसा.
“घाव किती?”
“शून्य, मॅडम. अडवायला आत कुणीच नाही.”
मी शून्य लिहिलं.
नळीतून आल्या शिवल्या,
दोन्ही शिंपा घट्ट मिटलेल्या.

पत्र्याच्या फटीतून चांगुणाबाय आली,
हाताला जवळ्याचा वास.
एक शिवली उचलून म्हणाली, “ही आमची.
खाजण व्हता हितं. सासू माझी मांडीभर चिखलात शिरायची.”
मी म्हटलं, “बाय, ही हजारो वर्षांपूर्वीची आहे.”
“मंग? तवा पन भरती येतच व्हती ना?”

नवव्या मीटरला लाकूड.
यंत्र थांबवलं. काळंभोर, ओलं,
साल अजून सालीसारखी.
लिंबाजीनं ढलपी काढली, हुंगली, दाताखाली धरली.
त्याच्या बापानं माणगावात काताच्या भट्ट्या लावल्या होत्या.
“खैर,” तो थुंकत म्हणाला. “मुळासकट उभा आहे.”
म्हणजे आधी रान होतं.
समुद्र नंतर आला,
न विचारता,
आपण आलो तसाच.

त्याखाली हात लावताच भुगा होणारा पिवळा मुरूम,
आणि बारा मीटर साठला यंत्राचा आवाज बदलला.
काळवथर.
लाकडी पेटीत एकेक कांडी मांडली,
थंड होताना कोंडलेल्या वाफेची भोकं,
काहींत पांढरे स्फटिक, साबुदाण्याएवढे.
साडेसहा कोटी वर्षं, आणि अंगठ्याला गार लागतात.

बिल्डरच्या माणसाचा फोन : “कातळ लागला?”
“लागला.”
“मग बेचाळीस मजले उभे राहतील.”
राहतील. खांब भराव ओलांडतील, चिखल ओलांडतील,
खैराच्या बुंध्यातून आरपार जातील,
आणि कुणाला जाग येणार नाही.

तक्त्याच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा रकाना असतो,
दोन बोटं रुंद.
रानाला तिथे जागा नाही, सासूलाही नाही.
संध्याकाळी दोरी सोडून मोजलं
आणि लिहिलं :
पाणी दीड मीटरवर.
भरतीबरोबर चढतं.