एका तासाचा फरक

डंडीत, पर्थ रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
आमच्याकडे संगणक एकच.
आत बिऱ्हाडं दोन:
माझं विंडोज, हिशेबांसाठी,
हेरंबचं लिनक्स, तत्त्वासाठी.
बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन नावं
आणि दहा सेकंद.
एक निवडायचं. दुसरं तोवर नसतंच.

तो ब्रेडच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
मी दिवसा दाताच्या दवाखान्यात, काउंटरवर.
जिन्यात भेटतो,
त्याच्या बाहीवर मैदा, माझ्या तोंडात अजून टूथपेस्ट.

म्हणून एक फोल्डर क्लाउडवर ठेवला.
टे नदीवर ढग तसेही फुकट.
त्यात एक फाइल, नाव 'घर'.

मीटरमध्ये वीस पौंड भरलेत.
बॉयलरचा दाब परत खाली, कुणाला तरी बोलाव.
कुणाला तरी म्हणजे मीच ना?
मेथी उगवली, खिडकीत बघ.
तुझ्या बहिणीला उत्तर दे, ती मला ओरडते.

हिवाळाभर असं बोललो. बरं चाललं होतं.

मग मार्चचा शेवटचा रविवार,
देशभर घड्याळं तासभर पुढे.
संगणकाच्या पोटात मात्र घड्याळ एकच.
माझं विंडोज त्यात इथली वेळ लिहून जातं,
त्याचं लिनक्स ती ग्रीनिचची समजतं
आणि वर आपला एक तास चढवतं.
तो पुढे पळतो, इंटरनेट त्याला मागे ओढतं,
मग मी उठते ती तासभर मागे.
आधी कोण बोललं, नंतर कोण,
ढगानं हात टेकले
आणि दोन्ही ठेवून दिलं:
'घर'
आणि 'घर (हेरंबची विसंगत प्रत)'.
मी हसले.
दुसऱ्या दिवशी तेवढी नाही हसले.

जूनमध्ये इथे रात्र पुरती होतच नाही.
अशाच एका उजेडी रात्री मी संगणक बंद केला,
म्हणजे मला तसं वाटलं.
विंडोज बंद होत नाही, डुलकी घेतं,
आतून कडी लावून.
सकाळी हेरंबच्या बाजूनं दार उघडेना.
फोल्डर जागेवर, आत काही नाही.
इमानी सिंकनं डोकावून पाहिलं,
घर रिकामं आहे म्हणाला,
आणि वरचंही पुसायला घेतलं.
हेरंबनं यातलं काही पाहिलं नाही,
तो तसाच जाऊन झोपला होता.

दहा वाजता, मिसेस गिलस्पींच्या दाढेची तारीख लिहिताना
माझा फोन थरथरला.
एक फाइल काढली.
चौदा.
एकशे नव्वद.
व्हिसाची पत्रं, पगाराच्या पावत्या,
अर्ब्रोथच्या किनाऱ्यावर वाऱ्यानं उलटलेली छत्री.

फोन लावला. "काय गं," झोपेत.
"तार काढ!" मी मराठीत किंचाळले, "इंटरनेटची तार काढ आधी!"
मिसेस गिलस्पींनी
न सांगता आ वासला.

त्या रात्री तो कामावर गेला नाही.
एका खुर्चीवर दोघं, अर्धे अर्धे बाहेर लोंबत.
कचरापेटीत सगळं सापडलं,
महिनाभर ठेवतात म्हणे.
एकेक परत आणलं. छत्रीसुद्धा.
शेवटी दोन्ही घरं शेजारी शेजारी उघडली.

"कोणतं ठेवायचं?"

त्याच्या प्रतीत एप्रिलची एक ओळ,
माझ्यापर्यंत कधी न आलेली:
आज जिन्यात थांबायला हवं होतं.
खाली लगेच, बहुधा लाजून:
दूध संपलंय.

मी वाचलं, तो नखाखालचा मैदा उकरत राहिला.
साडेदहा झाले होते, खिडकीतून
रेल्वेचा पूल अजून स्पष्ट दिसत होता.
"राहू देत दोन्ही," मी म्हटलं.
तसंही दोन्हींत
बॉयलर नादुरुस्तच होता.